चेहरा सोडून

यवतमाळ, ११ डिसेंबर २०२४

…आणि पंजा आडवा आला. फ्रेममधलं धुकं गेलं, कपाशी गेली, वाकलेल्या तीन पाठी गेल्या. सगळं काळं. मी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. पंजाच बोलला, "कोणाले विचारून काढून राह्यली?"

रंजिता, तुझ्या आजोबांची आणि माझी ओळख अशी झाली.

मी तुझं नाव सांगितलं. म्हटलं, बाभुळगावची दीपमाला, वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. त्यांनी हात खाली घेतला, पण ते बाजूला झाले नाहीत. "रंजिताची मैतरीण. मंग तर तुले माहीत पाह्यजे. आमच्या तांड्यात चेहऱ्याचा फोटो नाही." मी विचारलं, परवानगी कोण देतं. "नायक मी आहे. पण मी एकटा नाही देत. कागदावर लिहून धाड, चौघात वाचू." फोन केला तर चालेल का म्हटलं, तर म्हणाले, "फोनवरचं बोलणं कोण सांभाळून ठेवते?"

तसाही तुझा फोन टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही. म्हणून कागद. बबलूच्या ऑटोनं पाठवते. मारेगावच्या स्टॉपवर तो भेटला, तुमच्या तांड्यावर रोज येतो म्हणाला.

मी लग्नाच्या फोटोंचं काम सोडलं आहे. तीन हिवाळे जिल्हाभर शेतं काढते आहे. माणसं नाहीत असं नाही, पण घाईत असलेलं कोणी नाही. नागपूरचे एक प्रकाशक त्याचं पुस्तक करणार आहेत. माझं पहिलं. पुस्तकात सगळं आहे, तुमचा तांडा नाही. काल धुक्यात तो पाहिला आणि कळलं, त्याच्याशिवाय हे पुस्तक अर्धं आहे.

चेहऱ्याचं काय झालं ते सांग. मग मी नीट पत्र लिहिते.

जय भीम.
दीपा

*

तांडा, १६ डिसेंबर २०२४

दीपा,

आजा घरी येऊन म्हणाला, "तुझी मैतरीण जिद्दी आहे. हात आडवा केला तरी डोळा काढत नाही." हे त्याचं कौतुक समज.

चेहऱ्याचं सांगते. सहा वर्षं झाली. एक जण पुण्याहून आला होता. गोड बोलणारा. आजी मानीबाईला, म्हणजे आमच्या याडीला, अंगणात बसवून फोटो काढला. याडी नवी ओढणी घेऊन बसली होती, हसली होती. आम्ही सगळे खूश. पाच-सहा महिन्यांनी आजा यवतमाळला तहसिलीच्या कामानं गेला आणि बसस्टँडसमोर याडी दिसली. दुकानाएवढी. खाली लिहिलेलं, "माझे गुडघे उठू देत नव्हते. आता मी नाचते." कुठल्या तरी तेलाची जाहिरात.

याडीचे गुडघे तू पाहशीलच. ती अजून झाडावर चढते.

मारेगावच्या बाजारात तिला लोक विचारू लागले, "बाई, कोणतं तेल लावता?" पोरं मागून ओरडायची, "गुडघेवाली!" तिनं बाजारात जाणं सोडलं. चाळीस वर्षं ती मिरच्या आणि मोहफुलं विकायला पायी जात होती. आता माझी आई ऑटोनं जाते.

मग आजानं चौघांना बोलावलं. ठरलं, यापुढे तांड्यात कोणाच्याही चेहऱ्याचा फोटो नाही. लग्नातसुद्धा नाही. उत्तमसिंगकाकाच्या पोरीच्या लग्नाचा अल्बम पाहा, सगळा मांडव आणि पाठी.

आता पाहुण्यालाही हेच. तू लिही. मी वाचेन. मी शाळेत शिकवून घरी आले की आजा मला हातात कागद देऊन उभी करतो, जशी काही मीच तहसीलदार.

रंजिता

*

यवतमाळ, २२ डिसेंबर २०२४

हे पत्र चौघात वाचावं.

नायकबाबा आणि तांड्यातील सर्वांना जय सेवालाल.

मी दीपमाला. बाभुळगावची. फोटो काढणं हे माझं काम आहे. मला तुमचं शेत, गोठे, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, तुरीची मळणी आणि सकाळचं धुकं काढायचं आहे. हे फोटो एका पुस्तकात येतील. दुसरीकडे कुठेही जाणार नाहीत. फोटोखाली मी एक शब्दही लिहिणार नाही, फक्त गावाचं नाव.

चेहरे नकोत असं मी स्वतःहून म्हणणार नाही. मला ते हवे आहेत. पण तुम्ही नको म्हणाल तर एकही घेणार नाही. मला जमतं. पाठीसुद्धा बोलतात.

एक विचारते. ज्यांच्या फोटोमुळे हा नियम झाला, त्या मानीबाईंना काय वाटतं?

दीपमाला

*

तांडा, ३० डिसेंबर २०२४

दीपा,

आजा सांगतो आहे, मी लिहिते आहे. मधे बोलायचं नाही असं त्यानं मला बजावलं आहे.

"दीपमाला बाई, तुझं पत्र वाचलं. सगळ्यांनी आयकलं. तू खरं बोलली, चेहरे पाह्यजे म्हणून. पुण्याच्या त्यानं म्हटलं होतं, मले काही नाही पाह्यजे. म्हणून तुले हो.

"शेत काढ. ढोरं काढ. धुकं तर आमचं नाहीच, ते काढ. माणूस काढला तर पाठीकडून. मी तुझ्यामागं उभा राहीन. एकेक फोटो पाहीन. नेमसिंग म्हणते, नायक, तुमाले डोळ्यानं दिसते काय? मले चांगलं दिसते.

"आन एक चेहरा जरी आला, तर तो फोटो आमचा. तू तो कोठं छापायचा नाही. आन पुन्हा तांड्यात पाय ठेवायचा नाही. हे लिहिलं काय, रंजिता? वाच. हां. लिही, डोंगरसिंग नायक."

आता माझं. तुझा शेवटचा प्रश्न मी मोठ्यानं वाचला नाही. याडी तिथेच भिंतीला टेकून ओढणीला आरशाच्या काचा टाकत होती. सहा वर्षांत त्या फोटोचं नाव घरात कोणी घेतलेलं नाही. जखम कशाला उघडायची?

संक्रांतीआधी ये. तेव्हा धुकं दाट असतं.

रंजिता

*

यवतमाळ, ६ फेब्रुवारी २०२५

रंजिता,

तुझ्या घरची भाकर अजून तोंडात आहे आणि मी पत्राला बसले आहे.

जानेवारीचे ते दिवस मी विसरणार नाही. पहाटे कोणी बोलत नसायचं. गोठ्यात दुधाची धार, लांब कुठेतरी तुराट्या तोडल्याचा आवाज, आणि माझ्या मागे तुझ्या आजाचा श्वास. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "बाबा, शेळीचा चेहरा चालतो?" ते म्हणाले, "शेळीले विचार." दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सांगू लागले, "इकडून घे. उजेड तिकडून येऊन राह्यला." तिसऱ्या दिवशी नेमसिंगकाका बैल घेऊन फ्रेममध्ये आले, तर तुझा आजा ओरडला, "मागं फिर, तोंड घेऊन कोठं चालला?" काका म्हणाले, "तोंड घरी ठेवून येऊ काय?"

काल फोटो प्रकाशकांना दाखवले. त्यांनी एकेक उलटून पाहिला. मग एकावर बोट ठेवलं. "हा मुखपृष्ठावर."

कोणता, ओळख.

याडीची ओढणी. पऱ्हाट्यांच्या ढिगावर वाळत घातलेली. लाल, जुनी, काचा लावलेली. मागे धुकं. बाकी काही नाही. मी अगदी जवळ जाऊन काढली होती. काचांमध्ये आभाळाचे तुकडे आले आहेत. असा फोटो मी आजवर काढला नव्हता. हे मी तुलाच सांगते आहे असं नाही, कोणालाही सांगेन.

याडीला सांग. तिला आवडेल का?

पुस्तक ५ मार्चला छपाईला जाईल.

दीपा

*

तांडा, १० फेब्रुवारी २०२५

दीपा,

ओळखलं होतं. मी याडीला सांगितलं. ती म्हणाली, "जुनी ओढणी काहून काढली? नवी दिली असती." यापेक्षा जास्त ती बोलली नाही.

पण आजा! तो बोलायचा थांबत नाही. परवा पलीकडच्या तांड्याचे नायक बाबूसिंग आले होते. आजा त्यांना म्हणाला, "आमच्या तांड्याचं पुस्तक येऊन राह्यलं. पुस्तकभर तांडा, आन चेहरा एक नाही. मी मागं उभा होतो." बाबूसिंग म्हणाले, "तुमचाही नाही काय?" आजा म्हणाला, "मी नियम केला आन मीच मोडीन काय?"

आता बाबूसिंगही आपल्या तांड्यात हाच नियम करणार आहेत म्हणे. पुस्तक आलं की आजा ते सगळ्यांना दाखवणार आहे. धोतर आतापासून धुवून ठेवलं आहे.

मोह टपोरला आहे. थोड्या दिवसांत फुलं पडतील.

रंजिता

*

यवतमाळ, १८ फेब्रुवारी २०२५

रंजिता,

हे पत्र आधी तू वाच. मग नायकबाबांना वाचून दाखव. चौघात.

माझा भाऊ संघदीप फ्लेक्स छापतो, तुला माहीत आहे. मुखपृष्ठाचे रंग मोठ्या आकारात पाहायचे म्हणून मी त्याच्याकडे ओढणीचा फोटो नेला. त्यानं तो भिंतीएवढा काढला. आम्ही दोघं समोर उभे राहिलो. तो म्हणाला, "ताई, हा बुवा कोण?"

मी म्हटलं, कोण बुवा?

पदराजवळच्या काठाला एक काच आहे, इतरांपेक्षा थोडी सरळ बसलेली. तिच्यात आभाळ नाही. तिच्यात मी आहे, कॅमेऱ्यानं तोंड झाकलेलं. आणि माझ्या खांद्यामागे नायकबाबा. पागोटं, मिशा, कपाळावरची आठी, सगळं. तोंड उघडं आहे. ते त्या वेळी काय म्हणाले ते मला आठवतं. ते म्हणाले होते, "पोरी, चेहरा येऊन राह्यला काय त्याच्यात?" आणि मी म्हटलं होतं, नाही बाबा.

पुस्तकात तुमचा तांडा आहे आणि त्यात एकच चेहरा आहे.

संघदीप म्हणाला, पुसून टाकतो, एका मिनिटाचं काम. प्रकाशकही तेच म्हणाले. पुस्तकाच्या आकारात तो तिळाएवढा दिसतो. कोणाला कळणार नाही.

मला कळलं आहे. त्या पुण्याच्या माणसानं याडीच्या तोंडी गुडघ्यांचं दुखणं घातलं. मी काचेतून आजोबा काढून टाकू? जे नव्हतं ते घालणं आणि जे होतं ते काढणं यांत मला फरक दिसत नाही. मी पुसणार नाही.

नायकबाबा, तुमची अट माझ्याजवळ कागदावर आहे. चेहरा आला तर फोटो तुमचा. तो तुमचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तो छापणार नाही आणि मी तांड्यात येणार नाही. मुखपृष्ठाला दुसरा फोटो माझ्याजवळ नाही. प्रकाशक म्हणतात, हा नसेल तर पुस्तक पुढच्या वर्षी पाहू. तेव्हा पाहू. पण लपवून छापणार नाही.

मोठा फोटो गुंडाळून बबलूजवळ देते आहे.

दीपमाला

*

तांडा, २२ फेब्रुवारी २०२५

दीपा,

फोटो पोचला. पत्रही. मी दोन्ही कपाटावर ठेवलं आहे. वाचून दाखवलेलं नाही.

तू पुसून टाक.

तुला फरक दिसत नसेल, मला दिसतो. त्या माणसानं आपल्या फायद्यासाठी केलं. तू एका म्हाताऱ्या माणसाची लाज राखण्यासाठी करशील. आजा बाबूसिंगांपुढे काय बोलून बसला आहे ते मी लिहिलं होतं. आता चौघात उभी राहून मी वाचू, की नियम ज्यानं केला त्यानंच मोडला? नेमसिंगकाका वर्षभर हसेल. आणि याडीसमोर? तिच्यासाठी केलेला नियम होता तो.

तुझं पुस्तकही निघेल. सगळ्यांचं भलं होईल. तुझा हट्ट सोडून कोणाचं काय जातं?

रंजिता

*

यवतमाळ, २५ फेब्रुवारी २०२५

रंजिता,

वसतिगृहात मेसच्या भाजीत अळी निघाली तेव्हा ताट घेऊन वॉर्डनकडे कोण गेलं होतं? तू. मी म्हटलं होतं, बाजूला काढ आणि खा.

आजाची लाज तू राखतेस की तू त्यांना स्वतःवर हसू देत नाहीस, हे एकदा बघ. मी त्यांच्याबरोबर उभी राहिले आहे. त्या माणसाला झाकून ठेवायची गरज नाही.

आणि याडीला काय वाटतं हे आपल्याला माहीत नाही. डिसेंबरात मी विचारलं होतं. तुम्ही सगळे तिच्या वतीनं सहा वर्षं दुखावलेले आहात. तिला विचारलं आहे का?

वाच. माझं काम झालं. आता तुझं.

दीपा

*

तांडा, २ मार्च २०२५

दीपा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर फार चिडले. दोन दिवस चिडलेली राहिले. मग काल दुपारी मी आजाला म्हटलं, चौघांना बोलाव.

सगळे आले. बाबूसिंगही आले होते, त्यांना कोणी निरोप दिला देव जाणे. मी तुझं अठरा तारखेचं पत्र वाचलं. "हा बुवा कोण" इथपर्यंत आले आणि नेमसिंगकाकाला समजलं. तो खाली बघून खोकू लागला. मी पूर्ण वाचलं. मग चौघांतला लखीराम आणि मी फोटो उलगडून भिंतीला लावला.

आजा उठला. काठी न घेता गेला. त्या काचेपुढे नाक टेकेपर्यंत वाकला. बराच वेळ तसाच.

मग म्हणाला, "मिशा बराबर आल्या."

दीपा, लोक असे हसले की गोठ्यातली वासरं उठली. बाबूसिंग डोळे पुसत म्हणाले, "नायक, तुमी मागं उभे होते ना?" आजा म्हणाला, "मागंच उभा आहे. दिसून नाही राह्यलं काय?"

पण हसणं संपल्यावर तो बसला आणि गंभीर झाला. म्हणाला, "अट माझी आहे. चेहरा आला. पोरीनं सांगितलं नसतं तर मले मरेपर्यंत कळलं नसतं. पण अट ते अट. फोटो छापायचा नाही. तिनं यायचंही नाही." नेमसिंगकाका म्हणाला, "चेहरा तिनं नाही घेतला, तुमी दिला." लखीराम म्हणाला, "मंग नायकालेच तांड्याबाहेर काढा." कोणी इकडं, कोणी तिकडं. तासभर चाललं आणि दिवस कलला तरी निकाल तुझ्या विरुद्धच जात होता. आजा हटत नव्हता. स्वतःसाठी नियम वाकवला असं त्याला होऊ द्यायचं नव्हतं.

तेव्हा मी उभी राहिले आणि डिसेंबरातला तुझा प्रश्न वाचला. त्याच कागदावरून. "ज्यांच्या फोटोमुळे हा नियम झाला, त्या मानीबाईंना काय वाटतं?"

सगळ्यांनी माना वळवल्या. याडी भिंतीला टेकून बसली होती, नेहमीच्या जागी. हातात सुई. तिनं दोरा दातानं तोडला.

"मले कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

आजा म्हणाला, "तुले काय विचारायचं? तुझ्यासाठीच तर केला नियम."

"तो फोटो आछो होता," याडी म्हणाली. "मी चांगली दिसत होती त्याच्यात. चेहऱ्याचं मले काही नव्हतं. गुडघ्याचं होतं. माझे गुडघे दुखत नाहीत आन साऱ्या बाजारानं म्हटलं, दुखतात. तुमी लोकांनी गुडघ्याचं सोडलं आन चेहरा धरून बसले."

दीपा, मी तिच्याजवळ झोपत आले आहे, लहानपणापासून. मला हे माहीत नव्हतं.

मी विचारलं, "मग बाजारात जाणं का सोडलंस?"

"तुमी साऱ्यांनीच असे तोंडं पाडले, मले वाटलं, जाऊ नये."

मग ती उठली. दोन्ही हात न टेकता उठली, हे मी मुद्दाम लिहिते. फोटोजवळ गेली. त्या काचेवर बोट ठेवलं. "ही ओढणी कोणाची?"

नेमसिंगकाका आजाकडे बघू लागला.

"माझी. काच कोणी टाकली? मी. मंग ह्या फोटोचं कोण सांगन? मी." आणि आजाकडे वळून म्हणाली, "माझा चेहरा तेलावर गेला. तुझा माझ्या ओढणीवर जाऊ दे. चांगल्या जागी आहे."

आजानं पुन्हा एकदा त्या काचेकडे पाहिलं. म्हणाला, "लिही, रंजिता. छापा." मग म्हणाला, "आन नियम बदलला म्हणून लिही. चेहरा चालन. पण ज्याचा चेहरा, त्याले विचारून. आन खाली काय लिहिता, तेही विचारून." बाबूसिंग म्हणाले, "मी तर आमच्यात कालच केला तो जुना नियम." नेमसिंगकाका म्हणाला, "मंग तुमीही एखाद्या ओढणीमागं उभे राहा."

तर छाप. पुसू नकोस. मी तुला पुस म्हटलं होतं, ते पत्र फाडू नकोस, ठेव. पुस्तक निघालं की इथे घेऊन ये. उत्तमसिंगकाकाची पोरगी म्हणते, तिला नवऱ्याबरोबर समोरून एक फोटो पाहिजे. मोठा फोटो भिंतीवरच आहे. आजा येताजाता त्या काचेपुढे थांबतो आणि मिशी नीट करतो.

हे सगळं काल झालं. आज बाजाराचा दिवस. सकाळी याडीनं फोटोतली तीच जुनी ओढणी घेतली, मिरच्यांची टोपली डोक्यावर ठेवली आणि मारेगावला गेली. बबलूनं ऑटो थांबवून विचारलं, तर नको म्हणाली. पायी गेली.

रंजिता